पॅन्क्रियाजची सूज, मग धाप : रक्ताच्या रिपोर्टवरून आधी कळू शकतं का?

त्रिमूर्तीनगर
सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, प्रश्न जरा तांत्रिक आहे. पण या कट्ट्यावर डॉक्टर आणि लॅबवाले दोघंही असतात, म्हणून इथेच टाकतो.

माझे साडू, वय ५२, राहणार गोंदिया. पित्ताशयात खडे आहेत हे जुन्या सोनोग्राफीत निघालेलं, पण "दुखत तर नाही, मग कशाला ऑपरेशन" म्हणत राहून गेलं. मागच्या महिन्यात एका लग्नाहून आल्यावर पोटात वरच्या बाजूला जी कळ सुरू झाली ती थेट पाठीत. उलट्या थांबेनात. तिथल्या डॉक्टरांनी रात्रभर सलाईन लावून सकाळी नागपूरला पाठवलं. इथे लायपेज (पॅन्क्रियाजचं एन्झाइम, रक्तात मोजतात) २४०० च्या वर, निदान अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे पॅन्क्रियाजला (स्वादुपिंडाला) अचानक आलेली सूज.

दुसऱ्या दिवशी लायपेज ९०० वर आलं. फॅमिली ग्रुपवर सगळे निवांत झाले, मेव्हणीने टेकडी गणपतीला नारळही कबूल केला. आणि त्याच संध्याकाळी त्यांना धाप लागली. रात्री आयसीयू. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांत पांढरं दिसतंय म्हणाले, डाव्या बाजूला पाणी. मास्कवर भागलं, व्हेंटिलेटर लागला नाही. आता घरी आहेत, वरण-भात खाताहेत.

घरात सध्या वाद असा : भाचा म्हणतो, "आयएल-६ केली असती तर आधीच कळलं असतं." फाइलमध्ये सीआरपी दोनदा आहे, आयएल-६ नाही (दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या). मला कोणाला दोष द्यायचा नाही. पण फुप्फुसाचा त्रास होणार हे आधी सांगणारी रक्ताची चाचणी खरंच असते का? नेटवर बघायला गेलो तर प्रत्येक शोधनिबंधात नवाच मार्कर, म्हणजे आजाराची खूण दाखवणारा रक्तातला घटक.


तर्रीपोहे
सोमवार, रात्री १०.१५

साडूभाऊ घरी आले, बेस झालं जी. पण मले आधी हे सांगा, दुखणं पोटात अन् पाणी छातीत, हे काऊन? पॅन्क्रियाज कुठी, फुप्फुस कुठी. मधात तर पडदा असते न?


रातपाळी
सोमवार, रात्री ११.५५

तर्रीपोहे, पडदा आहे, पण रक्त त्याला विचारून फिरत नाही.

पॅन्क्रियाज पचनाचे एन्झाइम बनवतं ते झोपलेल्या अवस्थेत. आतड्यात पोचल्यावरच त्यांनी जागं व्हायचं. खडा नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूने पेशी बिघडल्या की ट्रिप्सिन जागच्या जागीच चालू होतं आणि ग्रंथी स्वतःलाच पचवायला लागते. इथपर्यंत आजार पोटाचा. पण या मारामारीत जे रासायनिक निरोप सुटतात, म्हणजे टीएनएफ, आयएल-१, आयएल-६, आयएल-८, ते रक्तात उतरतात. आतड्याकडच्या लसिकावाहिन्यांतलं द्रव्य थोरॅसिक डक्टमधून गळ्याखालच्या मोठ्या शिरेत येतं, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला, आणि त्यापुढचं पहिलं केशवाहिन्यांचं जाळं कुठलं? फुप्फुसाचं. पांढऱ्या पेशी तिथे अडकून बसतात, केशवाहिन्या गळायला लागतात, वायुकोशांत पाणी भरतं. फॉस्फोलायपेज ए-२ नावाचं एन्झाइम वायुकोश उघडे ठेवणारं सर्फॅक्टंट तोडतं. वरून पोट फुगून पडदा वर सरकलेला, आणि दुखतंय म्हणून पेशंट खोल श्वास घेतच नाही.

अशा गळतीने फुप्फुसं अचानक निकामी होण्याला एआरडीएस म्हणतात. त्याचं पहिलं वर्णन १९६७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. फक्त १२ पेशंट होते, त्यातला एक पॅन्क्रियाटायटिसचा. म्हणजे या दोघांची ओळख जुनी आहे. या आजारात जे अवयव बसतात त्यात फुप्फुसाचा नंबर पहिला.

मूळ प्रश्नावर उद्या सविस्तर लिहितो, आता वॉर्डात जायचंय. एवढंच आत्ता सांगतो की लायपेज उतरणं आणि पेशंट सुधारणं यांचा काही संबंध नाही.


तर्रीपोहे
मंगळवार, सकाळी ७.३०

म्हणजे लायपेज झाली दारावरची बेल. कोणीतरी आलं येवढंच कळते, किती जण आले अन् किती दिवस मुक्काम हाय ते बेल नाही सांगत.


त्रिमूर्तीनगर
मंगळवार, सकाळी ८.०५

मग दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या दिवशी लायपेज कशाला केलं असेल? बिलात दिसतंय.


काचपट्टी
मंगळवार, सकाळी ९.२०

सवयीने. आमच्या लॅबमध्येही येतात असे फॉर्म, रोज "अमायलेज, लायपेज" लिहिलेले. निदानासाठी तीन गोष्टींपैकी दोन लागतात : ठरावीक प्रकारचं दुखणं, लायपेज किंवा अमायलेज नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट, आणि सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसणारी सूज. एकदा निदान झालं की या एन्झाइमचं काम संपलं. अमायलेज तीन ते पाच दिवसांत उतरतं, लायपेज एक-दोन आठवडे वर राहतं, आणि आकड्याचा आजाराच्या जोराशी मेळ बसत नाही. तीन हजार लायपेजवाला चौथ्या दिवशी घरी जातो, सहाशेवाला आयसीयूत असतो.


कोडवाला
मंगळवार, सकाळी १०.४५

भाच्याच्या बाजूने बोलतो. सीआरपी यकृतात तयार होतं आणि ते तयार करायचा आदेश देते आयएल-६. म्हणजे आदेश आधी, माल नंतर. आयएल-६ पहिल्या २४ तासांतच वर जाते, सीआरपीचा कळस दोन-तीन दिवसांनी. मग उशिराचा मार्कर का वापरायचा? शिवाय आता मशीन लर्निंगची मॉडेल्स आहेत, दहा-बारा चाचण्या टाकल्या की एआरडीएसची शक्यता टक्क्यांत मिळते. कोरोनात तर नागपुरातल्या शाळकरी पोरांनाही डी-डायमर आणि आयएल-६ पाठ झालं होतं.


रातपाळी
मंगळवार, दुपारी ३.३०

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. लांबलचक होईल.

कोडवाला, तुमचं शरीरशास्त्र बरोबर आहे. लवकर इशारा देण्यात आयएल-६ सीआरपीच्या पुढे आहे. पण तीन अडचणी. ती फक्त पॅन्क्रियाजची नाही, न्यूमोनिया, पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग, कुठलाही मोठा दाह, सगळ्यांत वाढते. दुसरं, जिथे ती बाहेरच्या लॅबला पाठवावी लागते तिथे रिपोर्ट हातात येईपर्यंत पेशंटने स्वतःच उत्तर दिलेलं असतं. आणि तिसरी अडचण सगळ्यात मोठी : समजा कळलं की आयएल-६ खूप वाढली आहे. पुढे काय? एआरडीएस होऊच नये म्हणून या आजारात देता येईल असं सिद्ध झालेलं औषध आज नाही. लेक्सिपॅफॅन्ट नावाच्या औषधाकडून फार आशा होती, मोठ्या चाचणीत ते पडलं. म्हणून मार्करचा उपयोग एवढाच की कोणावर बारीक नजर ठेवायची, कोणाला आयसीयूच्या जवळची खाट द्यायची. ते काम स्वस्तातल्या चाचण्याही बऱ्यापैकी करतात.

आता त्या कोणत्या.

सीआरपी. ४८ तासांच्या आसपास १५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं तर आजार गंभीर वळणाचा असण्याची शक्यता वाढते. पहिल्या दिवशीचं कमी सीआरपी बघून खूश व्हायचं नाही, तेव्हा ते चढणीवरच असतं.

युरिया. माझा सगळ्यात आवडता, कारण सगळीकडे होतो आणि स्वस्त आहे. भरती होताना ब्लड युरिया नायट्रोजन २० च्या वर, किंवा त्याहून महत्त्वाचं म्हणजे सलाईन चालू असूनही २४ तासांत वर जाणारा. याचा मृत्यूच्या धोक्याशी असलेला संबंध हजारो पेशंटांच्या नोंदींतून दिसला आहे.

हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, रिपोर्टवर पीसीव्ही लिहिलेलं असतं ते. ४४ टक्क्यांच्या वर आणि २४ तासांत न उतरणारं. याचा अर्थ रक्तातलं पाणी वाहिन्यांच्या बाहेर गळतंय, रक्त दाट झालंय. जी गळती पोटात चालू आहे तीच फुप्फुसात होऊ शकते, म्हणून हा आकडा आमच्या दृष्टीने बोलका.

कॅल्शियम आणि अल्ब्युमिन खाली, एलडीएच आणि साखर वर, पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल फार आणि लिम्फोसाइट फार कमी, हे सगळे त्याच दिशेला बोट दाखवतात. एकेकटे कोणीच पुरेसे नाहीत. प्रोकॅल्सिटोनिनचं काम वेगळं, सडलेल्या भागात जंतुसंसर्ग झालाय का आणि अँटिबायोटिक द्यायचं का ते ठरवायला ते मदत करतं. सीआरपी वाढलं म्हणून अँटिबायोटिक हे गणित चुकीचं आहे, नातेवाईक कितीही मागे लागले तरी.

फुप्फुसाच्या जवळचे म्हणावेत असे मार्कर आहेत : अँजिओपोएटिन-२, जे केशवाहिन्यांच्या अस्तराला इजा झाली की वाढतं, आणि वायुकोशांच्या पेशींतून सुटणारा आरएजीई नावाचा रिसेप्टर. तर्काने हेच सर्वांत योग्य, पण सध्या ते संशोधनाच्या टेबलावर आहेत. वॉर्डातल्या फॉर्मवर त्यांचा रकाना नाही.

आता कोणाला न आवडणारी गोष्ट : नुसत्या रक्तावर अंदाज बांधता येत नाही. १९७४ साली रॅन्सनने न्यूयॉर्कात ११ निकष मांडले, पाच भरतीच्या वेळचे, सहा ४८ तासांतले. त्या सहांत एक होता रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ६० च्या खाली. म्हणजे फुप्फुसाचा त्रास हा अंदाजाचाच भाग. २००८ चा बायसॅप स्कोअर त्याहून सोपा, पाच मुद्दे : युरिया नायट्रोजन २५ च्या वर, भ्रमिष्टपणा, एसआयआरएस (अंगभर पसरलेल्या दाहाची लक्षणं), वय ६० च्या वर, छातीत पाणी. पाचांत निव्वळ रक्तावर बेतलेला एकच. एसआयआरएसमध्ये पांढऱ्या पेशी येतात, पण त्याबरोबर नाडी ९० च्या वर, ताप आणि श्वास मिनिटाला २० च्या वर हेही. एसआयआरएस ४८ तासांच्या पुढे टिकलं की मी तरी सीआरपीची वाट बघत नाही.


काचपट्टी
मंगळवार, सायं. ५.१०

डॉक्टरांनी आकडे दिले, त्यात युनिटची पाचर मारतो, नाहीतर इथले लोक घरी जाऊन फायली उघडतील आणि घाबरतील.

आपल्याकडच्या बऱ्याच लॅब "ब्लड युरिया" देतात, युरिया नायट्रोजन नाही. दोन्ही एक नव्हेत. नायट्रोजनचा आकडा २.१४ ने गुणला की युरिया. म्हणजे डॉक्टरांचा २० तुमच्या रिपोर्टवर ४३ च्या आसपास दिसेल, आणि बायसॅपचा २५ म्हणजे साधारण ५४. युरिया ३० बघून "वीसच्या वर गेला" म्हणू नका. सीआरपीचंही तेच. काही मशीन मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. १५० आणि १५ ही एकच गोष्ट. गोंदियाच्या रिपोर्टवर १२ आणि नागपूरच्या रिपोर्टवर १२० असेल तर दहापट वाढ झाली असं नाही, आधी आकड्याच्या शेजारचं बारीक अक्षर वाचा.

दुसरं, नळीकडे बघा. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर सीरम पिवळसर पारदर्शक असायला हवं. ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर असलेल्याचं सीरम दुधासारखं पांढरं निघतं, मागे बोट धरलं तर दिसत नाही. हा नुसता विचित्र नमुना नव्हे, ते आजाराचं कारणच असू शकतं. आणि अशा दुधाळ नमुन्यात अमायलेज खोटं नॉर्मल येऊ शकतं, सोडियम खोटं कमी. अशी नळी दिसली की मी फॉर्मवर लिहून वॉर्डला फोन करतो, मशीनने छापलेला आकडा तसाच सोडत नाही.

आणि एबीजी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन वगैरे वायूंची चाचणी. मनगटातल्या धमनीतून काढलेलं रक्त, हेपरिनच्या सिरिंजमध्ये. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजनचा आकडा खोटा येतो. वॉर्डबॉय चहा पिऊन अर्ध्या तासाने घेऊन आला तरी खोटा. फुप्फुसाबद्दल सगळ्यात थेट बोलणारी रक्ताची चाचणी हीच, आणि हिचीच सगळ्यात हेळसांड.


आकडेमोड
मंगळवार, रात्री ८.४५

कोडवाला, मॉडेलबद्दल. कागदावर एक हिशोब करा. आकडे मी सोयीसाठी धरतोय, कुठल्या अभ्यासातले नाहीत.

१०० पेशंट. त्यातल्या १५ जणांना फुप्फुसाचा त्रास होणार आहे. तुमची चाचणी चांगली आहे, होणाऱ्यांतले ८० टक्के पकडते आणि न होणाऱ्यांतल्या ८० टक्क्यांना बरोबर सोडते. १५ पैकी १२ पकडले. उरलेल्या ८५ पैकी १७ जणांना उगाच धोक्यात टाकलं. म्हणजे "धोका" असा रिपोर्ट २९ जणांचा, त्यात खरे १२. निम्म्याहून कमी. उलट "धोका नाही" असा रिपोर्ट ७१ जणांचा आणि त्यात चुकले फक्त तीन.

म्हणजे चाचणी "होणार" म्हणते तेव्हा फार विश्वास ठेवायचा नाही, "होणार नाही" म्हणते तेव्हा बराच ठेवायचा. लोकांना मात्र पहिलंच हवं असतं.

मॉडेलचं आणखी एक. बरीचशी एकाच हॉस्पिटलच्या जुन्या नोंदींवर बसवलेली असतात. जिथे बहुतेक पेशंट पित्ताच्या खड्यांचे, तिथलं मॉडेल दारूचे पेशंट जास्त असलेल्या गावात लावलं की घसरतं. रक्त कितव्या तासाला घेतलं हा स्तंभ तर अनेकदा नसतोच.


कोडवाला
मंगळवार, रात्री ९.३०

हिशोब मान्य. तरी म्हणतो, ७१ लोकांना निर्धास्त वॉर्डात ठेवता येणं हाही फायदाच आहे. आयसीयूच्या खाटा किती असतात हे सगळ्यांना माहीत आहे.


आकडेमोड
मंगळवार, रात्री ९.४०

ते एकदम मान्य. फक्त जाहिरात उलटी करतात.


वैनगंगा
बुधवार, सकाळी ६.५०

आकडेमोडदादांनी तासांचा विषय काढला म्हणून लिहिते. मी सिस्टर आहे, आयसीयूत. नागपुरात येणारा पेशंट कुठून येतो बघा. भंडारा, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोली. आधी गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शन, मग तालुक्याला सलाईन, मग गाडी बघायची, पैसे बघायचे, मग नागपूर. आमच्या फाइलवर "भरतीचा दिवस पहिला" लिहिलं जातं, पण दुखणं सुरू होऊन दीड दिवस उलटलेला असतो. ते ४८ तास दुखायला लागल्यापासून धरायचे की आमच्या दारात आल्यापासून? तज्ज्ञ येऊन हाच प्रश्न पहिला विचारतात, आणि नातेवाइकांना वेळ आठवत नाही. "रात्री जेवल्यावर" म्हणतात. कोणत्या रात्री?

दुसरं म्हणजे श्वास. बहुतेक चार्टवर श्वासाची नोंद २० असते. सगळ्यांची. झोपलेल्याची २०, धापणाऱ्याची २०. कारण मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं आणि वॉर्डात बहुधा त्यासाठी यंत्र नसतं. मी नवीन मुलींना सांगते, छातीवर नजर ठेवून घड्याळ बघा, पेशंटला सांगू नका मोजतेय म्हणून, तो श्वास बदलतो. पॅन्क्रियाजचा पेशंट १८ वरून २४, २४ वरून ३० ला जातो तेव्हा बोटावरचं मशीन अजून ९५ दाखवत असतं. धाप आधी येते, सॅच्युरेशन नंतर पडतं.


त्रिमूर्तीनगर
बुधवार, सकाळी ९.१५

सिस्टर, हे वाचून फाइल पुन्हा काढली. पहिल्या दिवशी २०, २०, २०. दुसऱ्या दिवशी दुपारी २६, त्यानंतर ३२. सॅच्युरेशन तेव्हाही ९६ लिहिलंय. ऑक्सिजन ४ लिटर चालू होता.


रातपाळी
बुधवार, दुपारी १.२०

हे उदाहरण सगळ्यांनी नीट बघा. ९६ ऐकून घरचे म्हणणार छान आहे. पण ४ लिटर नळीने दिल्यावर आत जाणारा ऑक्सिजन साधारण ३६ टक्के असतो, आपण हवेतून घेतो तो २१. सॅच्युरेशनला त्या अंशाने भागा : ९६ भागिले ०.३६, म्हणजे २६७. एआरडीएसच्या २०२३ च्या नव्या व्याख्येत या भागाकाराची मर्यादा ३१५ आहे. म्हणजे ९६ दिसत असतानाच फुप्फुस मर्यादेच्या खाली गेलेलं होतं. एबीजी केली असेल तर ऑक्सिजनचा दाब त्याच अंशाने भागा, ३०० किंवा त्याखाली आला की श्वसनाचा अवयव निकामी होऊ लागला असं धरतात, आणि तसं ४८ तासांच्या वर टिकलं तर २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात आजार "गंभीर". नुसत्या भागाकाराने एआरडीएस ठरत नाही, एक्स-रे वगैरे लागतंच, पण इशारा म्हणून पुरेसा आहे. कोरोनातला बोटाचा ऑक्सिमीटर बहुतेक घरांत पडून आहे. त्याचा आकडा सांगताना ऑक्सिजन किती चालू आहे तेही सांगत जा, नुसत्या ९६ ला अर्थ नाही.

तुमच्या फाइलमधलं सीआरपी किती होतं?


त्रिमूर्तीनगर
बुधवार, दुपारी २.००

पहिल्या दिवशी ३८, तिसऱ्या दिवशी २१०, मिलिग्रॅम प्रति लिटर (काचपट्टींच्या धाकाने बारीक अक्षर वाचलं). युरिया ४१, मग ५८. पीसीव्ही ४७, दुसऱ्या दिवशी ४६.


रातपाळी
बुधवार, दुपारी २.४५

मग भाच्याला सांगा, आयएल-६ शिवायही रक्त बोलत होतं. सलाईन चालू असताना युरिया चढला, पीसीव्ही उतरला नाही. २१० चं सीआरपी आलं तोवर तर ते आयसीयूत पोचले होते, म्हणजे त्या आकड्याने अंदाज वर्तवला नाही, झालेल्या गोष्टीवर शिक्का मारला. यातून उपचार फारसे बदलले असते असं मात्र मला वाटत नाही, लक्ष काही तास आधी गेलं असतं एवढंच.

सलाईनचं एक लिहायचं राहिलं. पीसीव्ही दाट दिसलं की पूर्वी आम्ही धो-धो सलाईन चढवायचो. २०२२ मध्ये वॉटरफॉल नावाची चाचणी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली, त्यात भारतातलीही केंद्रं होती. रिंगर लॅक्टेट (एक प्रकारचं सलाईन) जोरात विरुद्ध बेताने. २४९ पेशंटांवरच ती थांबवावी लागली, कारण जोरात दिलेल्या गटात अंगात पाणी साचण्याचं प्रमाण २०.५ टक्के आणि बेताच्या गटात ६.३, आणि आजार काही सौम्य झाला नाही. गळक्या केशवाहिन्यांत पाणी ओतलं की ते फुप्फुसात जाणारच. त्यामुळे "सलाईन काऊन कमी केली, पैसे वाचवून राहिले काय" असं कोणी विचारलं की मला हाच कागद दाखवावासा वाटतो.


तर्रीपोहे
बुधवार, सायं. ६.१०

डॉक्टरसाहेब, मे महिन्यात आपल्या इथी ४५ डिग्रीत रस्त्यावर काम करणाऱ्याचा पीसीव्ही तर तसाच दाट येईन न? अन् एक विचारतो, हासू नका. विंचवाने पण पॅन्क्रियाज सुजते म्हणे?


रातपाळी
बुधवार, रात्री १०.३०

पहिला प्रश्न अगदी मुद्द्याचा. उन्हाने सुकलेल्या माणसाचा पीसीव्ही आणि युरिया दोन्ही वर असतात. फरक पुढच्या २४ तासांत दिसतो : नुसतं पाणी कमी असेल तर सलाईनने दोन्ही झरझर उतरतात, गळती चालू असेल तर उतरत नाहीत. म्हणून भरतीच्या वेळच्या एकट्या आकड्यावर मी काहीच ठरवत नाही.

विदर्भात याच्या उलटंही होतं. आपल्याकडे सिकलसेलचं (लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचं) प्रमाण बरंच आहे. अशा पेशंटचा पीसीव्ही मुळातच २५ च्या आसपास. त्याच्यासाठी ४४ ची रेषा निरुपयोगी, रक्त दाट होऊनही तो ३० ला असेल आणि रिपोर्टवर "कमी" असा बाण. याच लोकांना लहान वयात पित्ताचे खडे होतात, म्हणजे पॅन्क्रियाटायटिसही. वर धाप लागली तर ती पॅन्क्रियाजमुळे की सिकलसेलच्या अक्यूट चेस्ट सिंड्रोममुळे (त्या आजारात फुप्फुसावर येणारा अटॅक), हा वेगळाच घोळ. अमेरिकन किंवा चिनी पेशंटांवर ठरलेल्या मर्यादा भामरागडहून आलेल्या पोराला जशाच्या तशा लावता येत नाहीत, आणि अशा पेशंटांना धरून केलेला अभ्यास मला कुठल्याही नव्या मार्करपेक्षा जास्त उपयोगाचा वाटेल.

विंचू : होय, त्रिनिदादमधल्या एका जातीच्या विंचवाने होतो, पुस्तकात त्याची नोंद आहे. आपला लाल विंचू मुख्यतः हृदयावर जातो आणि त्यातून फुप्फुसात पाणी. त्यावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं प्राझोसिन या औषधावरचं काम जगभर वाचलं जातं. पण तो वेगळा धागा.


त्रिमूर्तीनगर
गुरुवार, सकाळी ८.२०

सगळ्यांचे आभार. भाच्याला धागा पाठवला, "बघतो" म्हणाला. शेवटचा प्रश्न, पित्ताशय कधी काढायचं? आणि ऑपरेशनआधी पुन्हा सीआरपी, लायपेज वगैरे करायचं का?


रातपाळी
गुरुवार, दुपारी १२.५०

सौम्य आजार असता तर त्याच भरतीत काढून मोकळं केलं असतं. यांच्या पॅन्क्रियाजभोवती पाणी साचलं होतं का बघा. असेल तर ते विरेपर्यंत थांबतात, साधारण सहा आठवडे, मग सोनोग्राफी किंवा सीटी करून तारीख. सर्जन ठरवतील. पण "आता दुखत नाही" म्हणून या वेळी पुढे ढकलू नका, खडे आत आहेत तोवर पुन्हा अटॅक येऊ शकतो. लायपेज नको. सीआरपी सर्जनने मागितलं तरच. मधल्या काळात ताप आला, पोट पुन्हा दुखलं, काविळ दिसली किंवा जिना चढताना आधीपेक्षा जास्त धाप लागली तर तारखेची वाट न बघता दाखवा.


काचपट्टी
गुरुवार, दुपारी १.१५

आणि ट्रायग्लिसराइड एकदा करून घ्या, आता खाणं नीट सुरू झाल्यावर, रात्रभर उपाशी राहून. खडे सापडले म्हणून बाकी कारणं कोणी बघत नाही. अॅडमिट असताना उपाशी आणि सलाईनवर घेतलेला आकडा कमी दिसतो, त्यावर विसंबू नका. जाताना गोंदियाचे जुने रिपोर्टही घेऊन जा, तारीख आणि वेळेसकट.